होडीवरील मत्स्यशोधक यंत्र : बसवावे कसे, वाचावे कसे

परभणी जिल्हा म्हटला की ज्वारी, कापूस, तूर आणि सोयाबीन ही पिके डोळ्यांसमोर येतात. परंतु या जिल्ह्यात पाण्याचेही एक मोठे शिवार आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर १९६८ साली पुरा झालेला येलदरी प्रकल्प, सेलू तालुक्यातील निम्न दुधना प्रकल्प, गोदावरीवरील बंधारे आणि गावोगावचे तलाव यांवर अनेक भोई कुटुंबांचा व सहकारी मत्स्यव्यवसाय संस्थांचा चरितार्थ चालतो. २०२५ साली राज्य शासनाने मत्स्यव्यवसायास कृषी व्यवसायाचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा शेतीविषयक पत्रिकेत जाळ्याची व होडीची चर्चा होणे आता सर्वस्वी योग्यच आहे.

अलीकडे या होड्यांवर एक नवे उपकरण दिसू लागले आहे. त्यास इंग्रजी नावाने फिशफाइंडर म्हणतात; आपण त्यास मत्स्यशोधक यंत्र म्हणू. हे यंत्र घ्यावे काय, घेतल्यास आपल्या साध्या होडीवर कसे बसवावे, आणि त्याच्या पडद्यावर जे दिसते त्यावर किती विश्वास ठेवावा, असे प्रश्न मच्छीमार बंधू व ग्रामपातळीवरील कार्यकर्ते वारंवार विचारतात. त्यांची उत्तरे देण्याचा येथे प्रयत्न केला आहे. प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो, कारण तीतून या विषयाचे मर्म ध्यानी येईल.

फाटलेले जाळे

काही वर्षांपूर्वी येलदरीच्या जलाशयावर एका होडीत असे यंत्र घेऊन मी बसलो होतो. होडीत एक वयोवृद्ध मच्छीमार व त्यांचा पुतण्या होता. जाळे पुतण्याचे होते. नवे, आणि उधारीवर घेतलेले. काठापासून बऱ्याच अंतरावर गेल्यावर पडद्यावर माशांची चित्रे एकामागून एक उमटू लागली. खोली नऊ मीटर दाखवीत होती व मासे सहा-सात मीटरवर. मी उत्साहाने जाळे येथेच सोडावयास सांगितले.

म्हाताऱ्या गृहस्थांनी काही न बोलता आपली शिसे बांधलेली दोरी पाण्यात सोडली, दोन-तीन वेळा वरखाली केली आणि म्हणाले, "साहेब, इथं खाली बाभुळबन हाय. हे मासे न्हाईत, फांद्या हायत."

मी म्हणालो, "मामा, यंत्र तर मासे दाखविते आहे."

ते पुढे बोलले नाहीत. साहेबांचा शब्द म्हणून पुतण्याने जाळे सोडले. सकाळी ते ओढताना अर्धेच वर आले. उरलेले खाली अडकून राहिले. आलेल्या अर्ध्यात दोन किरकोळ मासे होते.

जाळ्याची किंमत मी देऊ केली. पुतण्याने ती घेतली नाही. म्हातारे गृहस्थ एवढेच म्हणाले, "यंत्र परत आणा साहेब. पण पहिले माझ्या दोरीसंगं चालवा." पुढे आम्ही तसेच केले. त्या फेऱ्यांत एक गोष्ट मला स्पष्ट दिसून आली. गोड्या पाण्यातील होडीवर या यंत्राचा पहिला उपयोग मासा दाखविणे हा नसून पाण्याखालची जमीन दाखविणे हा आहे. जाळे वाचले तर मासा आज ना उद्या मिळतो. जाळेच गेले तर हंगामच हातचा जातो.

आपल्या जलाशयांत हा धोका विशेष आहे. धरणाखाली गेलेल्या शिवारातील बांध, विहिरी, पडक्या भिंती व झाडांचे बुंधे तळाशी असतातच. शिवाय अवर्षणाच्या वर्षांत जलाशयाचा काठ दूरपर्यंत उघडा पडतो, तेथे वेडी बाभूळ माजते, आणि पुढे चांगला पाऊस होऊन धरण भरले की ते सारे झुडूप पाण्याखाली जाते. वरून पाहणाऱ्यास त्याचा मागमूसही लागत नाही.

यंत्राचे तत्त्व

डोंगराकडे तोंड करून हाक मारली असता प्रतिध्वनी ऐकू येतो. तो किती वेळाने आला यावरून डोंगर किती लांब आहे, हे काढता येते. मत्स्यशोधक यंत्र नेमके हेच करते. पाण्यात बुडविलेल्या एका लहान डब्यातून ध्वनीचे ठोके खाली सोडले जातात. ते तळावर आपटून परत येतात आणि यंत्र लागलेला वेळ मोजते. या डब्यास ट्रान्सड्यूसर म्हणतात. त्याचा ध्वनी इतका उच्च कंपनांचा असतो की तो आपल्या कानास ऐकू येत नाही.

पाण्यात ध्वनीचा वेग किती असतो, हे मोजण्याचा प्रसिद्ध प्रयोग १८२६ साली जिनिव्हाच्या गोड्या सरोवरात कोलाडाँ या शास्त्रज्ञाने केला. पाण्याखाली घंटा वाजवून त्याने तो वेग सेकंदास सुमारे १,४३५ मीटर असल्याचे दाखविले. ते पाणी थंड होते. आपल्याकडील कोमट पाण्यात हा वेग सेकंदास सुमारे १,५०० मीटर धरावा. म्हणजे १५ मीटर खोल पाण्यात ध्वनीस जाऊन-येऊन ३० मीटरचा प्रवास करावा लागतो व त्यास सेकंदाचा केवळ पन्नासावा भाग पुरतो.

हीच युक्ती मासेमारीस लावण्याचे श्रेय जपानमधील फुरुनो बंधूंकडे जाते. त्यांनी १९४८ साली असे यंत्र व्यवहारात आणले. गोड्या पाण्यातील लहान होड्यांसाठीचे सुटसुटीत यंत्र अमेरिकेत लोरान्स कंपनीने १९५७ च्या सुमारास काढले.

मासा यंत्रास दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीमुळे. पाणी व हवा यांच्या सीमेवर ध्वनी जोराने परततो. रोहू, कटला, मृगळ यांना ही पिशवी असते. कोळंबीस ती नसते, म्हणून कोळंबी या यंत्रात जवळजवळ दिसतच नाही. हीच गोष्ट यंत्र बसवितानाही लक्षात ठेवावी. डब्याखाली हवेचे बुडबुडे आले तर ध्वनी तेथूनच परततो व खालचे काही दिसत नाही.

वीज कोठून घ्यावी

बहुतेक लहान यंत्रे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. पाठीवरील बॅटरीच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी पुष्कळदा असते. ती येथे चालते. यंत्रास अर्धा अँपिअर वीज लागत असेल तर आठ तासांत चार अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची निम्मी शक्ती खर्च होईल. आपल्या यंत्रास किती वीज लागते हे त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते; त्यावरून हा हिशेब प्रत्येकाने करावा. शिसे-आम्लाची बॅटरी दररोज निम्म्याखाली उतरू देऊ नये, अन्यथा ती लवकर निकामी होते.

पंपाची बॅटरी वापरावयाची असल्यास ती पंपातून काढून ओल्या फडक्याने पुसून वाळवावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. कीटकनाशकाचा अंश होडीत, अर्थात मासळीत, जाऊ देता कामा नये. बॅटरी झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून तो डबा होडीस घट्ट बांधावा.

तांबडी तार बॅटरीच्या धन टोकास व काळी ऋण टोकास जोडावी. तांबड्या तारेत बॅटरीजवळ फ्यूज अवश्य घालावा. तो किती अँपिअरचा हवा हे पुस्तिकेत पाहावे. लहान यंत्रांस बहुधा तीन अँपिअरचा लागतो. फ्यूजच्या जागी साधी तार गुंडाळण्याची सवय घरातही वाईट. पाण्यावर तर ती फार महागात पडेल.

ट्रान्सड्यूसर बसविणे

यंत्राबरोबर येणाऱ्या चित्रात होडीची मागील बाजू सपाट फळीची दाखविलेली असते व डबा त्या फळीवर स्क्रूने बसविलेला असतो. आपल्याकडील कित्येक होड्या दोन्ही टोकांस निमुळत्या असतात, आणि कोठे कोठे तर थर्माकोलचे तराफेच वापरात आहेत. तेव्हा आपल्यासाठी सोयीची रीत पुढीलप्रमाणे आहे.

१. चार-पाच फुटांचा सरळ, पक्का बांबू किंवा लोखंडी नळी घ्यावी. तिच्या खालच्या टोकास लाकडाचा लहान ठोकळा घट्ट बसवून त्यावर डब्याची पट्टी न गंजणाऱ्या स्क्रूने पक्की करावी.

२. हा बांबू होडीच्या मध्यापासून थोडा मागे, कडेस उभा बांधावा. ज्या बाजूने जाळे ओढावयाचे त्याच्या विरुद्ध बाजू निवडावी, आणि वल्ह्याचा फटकारा लागणार नाही हे पाहावे.

३. डबा होडीच्या तळापेक्षा चार बोटे खाली राहील असा ठेवावा. त्याचे खालचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर असावे. तोंड तिरपे झाल्यास खोली जास्त दाखविली जाते व मासे अंधुक दिसतात. माणसे होडीत नेहमीच्या जागी बसल्यावरच ही तपासणी करावी; रिकाम्या होडीत केलेली व्यर्थ होय.

४. वरची गाठ पक्की मारावी व खालची कच्च्या सुतळीने बांधावी. डबा बुंध्यावर आपटल्यास सुतळी तुटेल, बांबू मागे फिरेल आणि डबा वाचेल.

५. उथळ पाण्यात व काठास लागताना बांबू वर उचलून घ्यावा. पाण्याबाहेर यंत्र फार वेळ चालू ठेवू नये.

होडीस इंजिन असल्यास डबा पंख्यापासून निदान ४० सेंटिमीटर दूर ठेवावा, म्हणजे पंख्याच्या फेसाचा त्रास होणार नाही. तसेच यंत्राची तार इंजिनच्या तारांलगत नेऊ नये. पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडू लागतो.

फायबरच्या होडीत तळ एकसंध असेल तर डबा आतूनच तळास चिकटविता येतो. मात्र मधल्या एपॉक्सीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. लाकडी, पत्र्याच्या वा थर्माकोलच्या तळातून पाहण्याचा प्रयत्न करू नये. तेथे बांबूच बरा.

तार लांब पडली म्हणून ती कापू नये. सैल वेटोळे करून बांधून ठेवावी. डब्याच्या तोंडावर शेवाळ वा तेलाचा थर बसला तर सौम्य साबणाने हळूच धुवावा. खरडू नये.

पहिली चाचणी : दोरीबरोबर

यंत्र चालू करून पाण्याचा प्रकार 'गोडे पाणी' असा ठरवावा. समुद्रासाठीच्या नोंदीवर ठेवल्यास खोलीत फरक पडतो. नंतर माशांची चित्रे दाखविणारी सोय बंद करावी. ही सोय आकर्षक असते, परंतु पाण्यात अधांतरी दिसणाऱ्या कोणत्याही वस्तूस ती मासा ठरविते. फांदी, पाणवनस्पती, बुडबुडे हे सारे तिच्या लेखी मासेच. माझी फसगत तिनेच केली.

त्यानंतर शिसे बांधलेल्या दोरीवर मीटरमीटरावर गाठी मारून पाच-सहा ठिकाणी खोली मोजावी व यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावी. यंत्र डब्याच्या तोंडापासून खाली मोजते. डबा पाण्यात एक हात खाली असेल तर तेवढे अंतर मिळविले पाहिजे. हिशेब जुळला म्हणजे यंत्र नीट बसले असे समजावे.

पडदा कसा वाचावा

पडद्यावरील चित्र म्हणजे नकाशा नव्हे. उजव्या कडेला दिसते ते या क्षणाचे. डावीकडे जाते ते मागचे. होडी उभी असली तरी चित्र सरकतच राहते. म्हणून होडीखाली स्थिर असलेला एकच मासा लांब रेघेसारखा दिसतो. होडी त्याच्यावरून गेली तर तो कमानीसारखा उमटतो.

तळ कठीण, मुरमाड वा खडकाळ असल्यास रेघ ठळक येते आणि पुष्कळदा दुप्पट खोलीवर तिची दुसरी प्रतिमा दिसते. मऊ गाळाचा तळ फिकट दिसतो. तळापासूनच वर उठलेले खुंट, उभ्या रेषा वा जाळीदार पुंजके दिसले तर ती झाडेझुडपे समजावीत आणि तेथे जाळे टाकू नये. तळापासून सुटा, कमानदार वा तिरपा ठिपका दिसला तर तो मासा असण्याचा संभव अधिक. शंका वाटली तर त्याच जागेवरून होडी पुन्हा न्यावी. मासा जागा बदलतो, बुंधा बदलत नाही.

यंत्राची दृष्टी निमुळत्या सुळक्यासारखी खाली पसरते. त्याचा कोन २० अंशांचा असल्यास तळाशी दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. १२ मीटर खोलीवर चार मीटर, तर ३ मीटर खोलीवर केवळ एक मीटर. म्हणून उथळ पाण्यात हे यंत्र जवळजवळ आंधळे असते. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. वरच्या थरातील कटला होडीच्या चाहुलीनेच बाजूस सरतो व यंत्रास दिसत नाही. गवतात दडणारी मरळही त्यास सापडत नाही. तेथे मच्छीमाराचा डोळा व अनुभव हेच खरे यंत्र.

खोलीची वही

या यंत्राचा सर्वांत टिकाऊ लाभ मिळवावयाचा असेल तर प्रत्येक संस्थेने एक वही ठेवावी. तीत तारीख, त्या दिवशीची धरणाची जलपातळी, जागा, खोली, तळाचा प्रकार व अडथळा यांची नोंद करावी. जागा लिहिताना काठावरील दोन-दोन खुणांची सीध लिहावी. भ्रमणध्वनीवरून अक्षांश-रेखांश मिळत असल्यास तेही लिहावेत.

जलपातळी कशासाठी, असे कोणी विचारील. समजा, आज जलपातळी ४५८ मीटर आहे व यंत्र ९ मीटर खोली दाखविते. म्हणजे तळ ४४९ मीटरवर आहे. त्या तळावर तीन मीटर उंचीचा बुंधा असेल तर त्याचा शेंडा ४५२ मीटरवर आला. आज त्यावर सहा मीटर पाणी असल्याने पृष्ठभागाजवळ लावलेले तीन मीटर उंचीचे जाळे वरून निर्धास्त जाईल. उन्हाळ्यात पातळी ४५४ मीटरवर उतरली की शेंड्यावर दोनच मीटर पाणी उरेल आणि तेच जाळे त्याच जागी फाटेल. वहीत पातळी लिहिलेली असेल तर हे घरी बसून कळते.

अशी वही एका माणसाची नसून संस्थेची मालमत्ता होय. म्हणून प्रत्येकाने निराळे यंत्र घेण्याची घाई करू नये. संस्थेने एक यंत्र घ्यावे, एका होडीने जलाशयाची पाहणी करावी व नोंदी सर्वांस खुल्या ठेवाव्यात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वही आखून देणे व जलपातळीचा आकडा पाटबंधारे कार्यालयातून आणून देणे, एवढे साहाय्य केले तरी मोठे काम होईल. पाहणी करताना होडीतील प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालावे, वाऱ्याच्या दिवशी जाऊ नये आणि धरणाच्या दरवाजांजवळील निषिद्ध भागात शिरू नये.

दिसले म्हणून सारेच घेऊ नये

शेवटी एक इशारा. उन्हाळ्यात पाणी ओसरते तेव्हा उरलासुरला मासा जुन्या नदीपात्राच्या डोहांत गोळा होतो. यंत्राने हे डोह अचूक सापडतात. तेथे बारीक आसाचे जाळे लावून सारे उपसून काढणे सोपे आहे, पण ते बियाण्याचे पोते दळून खाण्यासारखे आहे. संस्थेने स्वतःच्या पैशाने सोडलेली बोटुकली वाढण्यापूर्वीच काढली तर पुढील वर्षी यंत्राच्या पडद्यावर काय दिसणार? पावसाच्या आरंभी नाल्यांच्या मुखाकडे जाणाऱ्या अंडीधारी मासळीसही हाच नियम लावावा. जाळ्याचा आस मोठा ठेवावा व विणीच्या दिवसांत होडी काठास बांधावी.

येलदरीच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पुढे आपल्या पुतण्यास यंत्र शिकू दिले, परंतु शिशाची दोरी होडीतून काढू दिली नाही. बाभुळबनाची ती जागा आज त्यांच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेली आहे, आणि त्या जागी पुन्हा कोणाचे जाळे फाटलेले नाही. मच्छीमार बंधूंनी यंत्र अवश्य घ्यावे, नीट बसवावे. मात्र आपली दोरी व वडीलधाऱ्यांची माहिती टाकू नये. दोन्हींची जोड मिळाली तरच जाळे शाबूत राहील व संस्थेची भरभराट होईल.